चायना टर्बो घ्यायचा की नाही?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग, मागितला की काउंटरवरून उलटा प्रश्न येतो, "ओरिजिनल, की चायना?" दोन्हींच्या भावात एवढं अंतर असतं की ओरिजिनल घेणाऱ्यालाच आपण येडे ठरतोय की काय असं वाटायला लागतं. परदेशी वेबसाइटवर टी३/टी४ या प्रचलित मापाचा नवाकोरा टर्बो दीडशे-दोनशे डॉलरला मिळतो आणि गॅरेट या नामांकित कंपनीचा, गोळ्यांच्या बेअरिंगवाला हजार डॉलरच्या पुढे जातो. दोन्ही शेजारी ठेवले तर गोगलगाईच्या घाटाचं तेच घर, तीच बोल्टची भोकं, आत तशीच चमकणारी पाती. मग वरचे पैसे नेमके कशाचे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. टर्बो फुटल्यावर फक्त टर्बोच जाणार असेल, तर स्वस्तातला घ्यायला हरकत नाही. त्याच्याबरोबर इंजिनही जाणार असेल, तर फुकट मिळाला तरी बसवू नका. तुमची गाडी यातल्या कुठल्या बाजूला पडते हे ठरवायला टर्बोच्या आत थोडं डोकवावं लागेल.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. "चायना" म्हणजे वाईट असं सरसकट नाही. गॅरेट आणि बोर्गवॉर्नर या दोन्ही कंपन्यांचे कारखाने खुद्द चीनमध्ये आहेत आणि तिथला माल बड्या कंपन्यांच्या नव्या गाड्यांत बसतो. अडचण देशाची नाही, बिननावाच्या मालाची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने अलीएक्स्प्रेसवर बंदी घातली, त्यामुळे आपल्याकडे हा माल आता बहुतेक आयातदारांमार्फत येतो. डब्यावर कुणाचंही नाव छापता येतं. तोच टर्बो एका दुकानात एका लेबलखाली आणि पलीकडच्या दुकानात दुसऱ्या लेबलखाली दिसला तर नवल नाही.

आत काय चालतं

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर नुसता सायलेन्सरमध्ये सोडून देण्याऐवजी त्याच्या वाटेत एक चाक ठेवायचं. हे टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, म्हणजे कंप्रेसर. धुराने एक फिरलं की दुसरंही फिरतं आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त गेली की तिच्याबरोबर इंधनही जास्त जाळता येतं, आणि इंजिन तेवढंच राहून ताकद वाढते.

सांगायला एवढंच. अवघड आहे तो वेग. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाख फेरे सहज मारतो, काही त्याहून जास्त. कंप्रेसरचं चाक ५० मिलिमीटर व्यासाचं धरलं तर दीड लाख फेऱ्यांना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळपास ३९० मीटर होतो. आवाजाचा वेग ३४०-३५० मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ट्रॅफिकमधून सुटून तुम्ही पाय दाबता तेव्हा बॉनेटखाली पात्यांची टोकं आवाजाच्या पुढे धावत असतात. तीही अशा दांड्यावर, जो साध्या टर्बोत कुठल्याही गोळीवर टेकलेला नसून ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो.

आता तोल बघा. कपडे एका बाजूला गोळा झाले की वॉशिंग मशीन स्पिनला कशी धडधडते, ते सगळ्यांनी पाहिलंय. ती मिनिटाला हजारभर फेरे मारते. टर्बोचं गणित करू. समजा चाकावर, मध्यापासून २० मिलिमीटर अंतरावर, एक शतांश ग्रॅम धातू जास्त राहिला. साखरेच्या दोन-चार दाण्यांहून हा भार जास्त नाही. दीड लाख फेऱ्यांना तेवढाच भार दांड्याला सुमारे पाच किलोच्या जोराने बाहेर ओढतो. ही ओढ सेकंदाला अडीच हजार वेळा दिशा बदलते. ऑइलचा थर रोज एवढा मार खाऊन किती दिवस टिकेल?

म्हणून चांगला कारखाना प्रत्येक कोअर, म्हणजे दांडा, चाकं आणि बेअरिंग मिळून झालेला मधला भाग, वेगात फिरवून तपासतो आणि जिथे भार जास्त तिथे थोडा धातू घासून काढतो. मशीन महाग, माणूस लागतो, नगामागे वेळ जातो. वरचे पैसे मुख्यतः इथे जातात. ओतकाम कुणीही करू शकतं. दोन स्वस्त टर्बोंपैकी एक दोन वर्षं चालतो आणि दुसरा दोन महिन्यांत शिट्टी मारत ऑइल फेकायला लागतो, यामागेही बहुधा हेच असतं. प्रत्येक नग तपासलेला नसतो. तुमच्या हाती कुठला आला, तो नशिबाचा भाग. मित्राच्या गाडीत चालतोय हा म्हणूनच पुरावा नव्हे.

दुसरा खर्च धातूचा. डिझेलचा धूर साधारण ८०० अंशांच्या आसपास असतो, पेट्रोलचा जोरात चालवल्यावर ९५० ते १,०५० अंशांपर्यंत जातो. एवढ्या तापात टर्बाइनचं चाक ताणलं जाऊ नये म्हणून ते इन्कोनेलसारख्या निकेलच्या मिश्रधातूचं करतात. चीनमध्ये याच जातीचा के-४१८ नावाचा धातू वापरतात आणि तो खरोखर तसा असेल तर चांगलाच आहे. पण जाहिरातीतलं "के-४१८" काउंटरवर बोटाने तपासता येत नाही. बाहेरच्या लोखंडी घराचंही तेच. पेट्रोल गाडीवर हलक्या बिडाच्या घराला तडे जातात आणि तिथून धूर गळायला लागला की पिकअप पडतो.

स्विफ्ट डिझेलवाल्यांसाठी

मुंबईत टर्बो शोधणारे बहुतेक जण प्रोजेक्टवाले, म्हणजे साध्या गाडीत हौसेने टर्बो टाकणारे, नसतात. त्यांची चालती गाडी अचानक ओढेनाशी झालेली असते. फियाटचं १.३ मल्टिजेट हे इंजिन मारुतीने डीडीआयएस नावाने वर्षानुवर्षं विकलं. स्विफ्टमध्ये ७५ पीएसवालं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), साध्या टर्बोचं. अर्टिगा, सियाझ, एसएक्स४ मध्ये ९० पीएसवालं, त्यात व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो. धुराचे बीएस-६ नियम आल्यावर २०२० मध्ये मारुतीने ते बंद केलं, पण रस्त्यावर आजही भरपूर आहे.

या गाड्यांना बिननावाचा स्वस्त टर्बो बसवू नका असं मी ठामपणे सांगतो. कारण डिझेलचं इंजिन चावीने थांबतं ते डिझेल तोडल्यामुळे. हवा मात्र आत येतच राहते. टर्बोचं बेअरिंग गेलं, दांडा हलला आणि ऑइल कंप्रेसरच्या बाजूने इंटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, शिरलं, तर इंजिनाला दुसरं इंधन मिळालं. मग चावी काढून हातात घेतली तरी ते बंद होत नाही. स्वतःचंच ऑइल पीत, पांढऱ्या धुराचे लोट सोडत आरपीएम चढत जातो, ऑइल संपेपर्यंत किंवा काहीतरी तुटेपर्यंत. गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच सोडून इंजिन मारणं हा एक उपाय. पण तो सुचायला हवा, तोही सायनच्या पुलावर मागून बेस्टची बस हॉर्न मारत असताना. प्रत्येक खराब टर्बो असा पळत नाही, बरेचसे नुसता निळा धूर देऊन निवृत्त होतात. तरी एकदा पळाला की वाचवलेले पैसे कितीही असले तरी कमीच पडतात.

व्हीजीटीमध्ये आणखी एक भानगड आहे. आतल्या पात्यांची सर्वांत बंद जागा कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेली असते. कॉपी मालात हे मोजमाप नीट झालेलं नसेल तर गाडी खाली मंद आणि वर भडक होते, नाहीतर चेक इंजिनचा दिवा लावून लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून रांगत चालते. मिस्त्री स्क्रू पिळून "सेटिंग" करून देतो. ते सेटिंग म्हणजे अंदाज असतो.

यावर मधला रस्ता आहे. फक्त कोअर बदलायचा आणि बाहेरची घरं, व्हीजीटीचा भाग आणि ती पाती हलवणारा ॲक्च्युएटर आपलेच ठेवायचे. जो टर्बो-रिपेअरवाला कोअर बसवण्याआधी मशीनवर बॅलन्स करतो आणि त्याचा छापील रिपोर्ट हातात देतो, त्याच्याकडचा आयात कोअरही मी घेईन. कारण न तपासलेला तोल, ही या मालाची सर्वांत मोठी उणीव, त्याने भरून काढलेली असते. रिपोर्ट मागितल्यावर जो "काय साहेब, विश्वास नाही का" म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं. नव्या ओरिजिनलसाठी फार लांब जायची गरजही नाही. गॅरेटचा कारखाना पुण्याला आहे, चेन्नईची टर्बो एनर्जीही देशातच टर्बो बनवते.

एक गोष्ट मात्र स्वस्त मालाच्या बाजूने बोलायला हवी. टर्बो मरतात ते बहुतांश ऑइलमुळे, म्हणजे कमी मिळाल्याने किंवा घाण मिळाल्याने. ऑइल बदलायला पाच-सात हजार किलोमीटर उशीर, आत गाळ, टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी अर्धी चोंदलेली. तीच नळी ठेवून वर नवा टर्बो बसवला तर चायना काय आणि ओरिजिनल काय, दोन्ही सारखेच जळणार. "तिसरा चायना टर्बो गेला" असं सांगणाऱ्याला आधी विचारा, नळी बदलली होती का? इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी, धुतला होता का? जुन्या टर्बोने फेकलेलं ऑइल आणि तुटलेल्या पात्याचे कण तिथे साचून बसतात आणि नव्या टर्बोच्या पहिल्याच दमदार ओढीला सरळ इंजिनात जातात.

प्रोजेक्टवाल्यांसाठी

आता दुसरा गट. जुनी झेन, एस्टीम, होंडा सिटी, घरी उभी असलेली स्विफ्ट पेट्रोल, आणि डोक्यात "टर्बो टाकू या". इथे इंजिन पेट्रोलचं, त्याला हवा अडवणारी थ्रॉटल आहे, त्यामुळे ते डिझेलसारखं पळून जात नाही. गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. इंजिन गेलंच तर कुर्ल्याहून दुसरं आणायची तयारी आहे. अशा ठिकाणी स्वस्त टर्बो हा मूर्खपणा नाही. पण चूक बहुतेकदा भावात न होता मापात होते.

दीडशे डॉलरच्या टर्बोवर "४०० हॉर्सपॉवर" लिहिलेलं असतं आणि डोळे तिथेच अडकतात. गणित करून बघा. १.३ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला ३,९०० लिटर हवा ओढायला बघतं, प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून ३,३०० लिटर धरा. मुंबईच्या गरम हवेत ते पावणेचार किलोच्या आसपास होतात. टर्बोने ०.६ बार बूस्ट, म्हणजे जादा दाब, दिला आणि इंटरकूलर बरा असला तर ही हवा साडेपाच किलोवर जाते. ढोबळ हिशेब असा की मिनिटाला एक किलो हवेतून साधारण २२ हॉर्सपॉवर निघतात. म्हणजे हे इंजिन १२० च्या आसपास पोचलं. ४०० हॉर्सपॉवरच्या टर्बोला मात्र मिनिटाला १८ किलो हवा हलवायची सवय. तो तुमच्या १.३ वर बसवला तर ४,५०० आरपीएमपर्यंत झोपून राहील. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर संध्याकाळी ४,५०० आरपीएमला गाडी कुठे न्याल? गाडी पूर्वीपेक्षा मंद वाटेल आणि मग दोष चायनाला दिला जाईल.

खरा टर्बो विकत घेताना त्याचा कंप्रेसर मॅप मिळतो. कुठल्या दाबाला, किती हवेला, टर्बो किती कार्यक्षम आहे आणि कुठे तो गुदमरतो किंवा उलटा ढकलतो, याचा तो आलेख. ट्यूनर त्यावरून इंजिनाला टर्बो जुळवतो. कॉपी मालाला मॅप नसतो, किंवा असलाच तर ओरिजिनलचा उचललेला. चाकाचा घाट जरासा वेगळा असला तरी तो मॅप कामाचा राहत नाही.

कार्यक्षमतेचा परिणाम थेट तापमानावर होतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर ३५ अंश. हवा दुप्पट दाबाला नेली, तर ७० टक्के कार्यक्षम कंप्रेसरमधून ती सुमारे १३१ अंशांनी बाहेर पडते. ६० टक्केवाल्यातून जवळपास १४७ अंशांनी. हे वरचे १६ अंश इंटरकूलरला काढावे लागतात, आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या इंटरकूलरला वाराच लागत नाही. हवा गरम राहिली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनला भोक पाडणारा गुन्हेगार बहुधा तोच असतो. मुंबईत एक्सपी १०० सारखं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या अखेरीपासून मिळतं आणि त्याने थोडा जीव मिळतो. पण मूळ पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन टर्बोसाठी केलेलं नसतं. बूस्ट ०.४-०.५ बारच्या आत ठेवा आणि इग्निशन नीट ट्यून करून घ्या. इथे कंजुसी केली तर सोन्याचा टर्बोही वाचवणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर मॅनिफोल्ड, डाऊनपाइप, ऑइलच्या नळ्या, इंटरकूलर आणि त्याचं पाइपिंग, मोठे इंजेक्टर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ताकद मोजणाऱ्या डायनोवरचं ट्यूनिंग, मग घसरायला लागलेला क्लच. या यादीत टर्बो हा लहानसा आकडा. तो अर्धा केला तरी एकूण बजेट फारसं हलत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर स्क्रॅप झालेल्या टर्बो गाडीचा वापरलेला ओरिजिनल टर्बो बघा. लहान इंजिनाला लहान टर्बो, आधीच जुळलेला. अशा टर्बोचा मूळ कोअर चांगला नसला तरी चालतो, तो बदलता येतो. मला विचाराल तर १.३ लिटरच्या प्रोजेक्टला हा पर्याय नव्या चायनापेक्षा सरस आहे. वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूने सोडून बूस्ट आवरणारा भाग, मात्र कधीही स्वस्तातलं घेऊ नका. त्याचा पडदा फाटला किंवा झडप पुरेशी उघडली नाही, तर बूस्टला वरची मर्यादाच राहत नाही.

कायद्याचंही दोन वाक्यांत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असं म्हटलंय. अपघात झाला की विमा कंपनी बॉनेट उघडून बघते, हेही लक्षात असू द्या. मोजून पळवायची हौस असेल तर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीसारखी बंद जागा, आणि तिथपर्यंत गाडी ट्रकवर.

काउंटरवर काय बघायचं

टर्बो हातात घेऊन दांडा बोटाने हलवा. वर-खाली थोडा हलला तर घाबरू नका, साध्या बेअरिंगमध्ये ऑइल नसताना तेवढा प्ले असतोच. पुढे-मागे हलता कामा नये. बोटाला जाणवेल एवढा पुढे-मागे प्ले असेल तर डबा परत. मग दांडा बाजूला दाबून चाक फिरवा, ते घराला कुठेही घासायला नको. कंप्रेसरचा नट आणि चाकाची मागची बाजू टॉर्च मारून बघा. बॅलन्सिंग करताना घासल्याच्या लहान खुणा दिसायला हव्यात. सगळं गुळगुळीत, चकचकीत, एकही खूण नाही, तर ग्राहक खूश होतो. मी मात्र तोल न तपासलेला माल आहे असं समजतो. पात्यांमधलं अंतर आणि कडा सारख्या आहेत का ते बघा. फ्लँज, म्हणजे बोल्ट लागतात ती सपाट कड, काचेच्या तुकड्यावर ठेवून डुगडुगतोय का ते बघा. ऑइलच्या भोकातून आत बघितलं आणि ओतकामाची वाळू किंवा धातूचा चुरा दिसला, तर हा टर्बो पहिल्या तासातच स्वतःचं बेअरिंग खाणार. घेतलाच तर उघडून, धुऊन मगच बसवा.

बसवताना ऑइलची परतीची नळी जाड आणि शक्य तितकी सरळ खाली उतरती ठेवा. टर्बोतून ऑइल दाबाने परत जात नाही, नुसतं गुरुत्वाकर्षणाने उतरतं. आतले सील रबराचे नसतात, पिस्टन रिंगसारख्या धातूच्या कड्या असतात, त्यामुळे नळीत ऑइल तुंबलं की चांगला सीलही गळतो. नवे टर्बो "गळतात" म्हणून परत येतात, त्यातले कित्येक याच कारणाने. पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोच्या तोंडात ताजं ऑइल घाला, इंजेक्टरचा फ्यूज काढून दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा, मगच इंजिन चालू करा आणि काही मिनिटं आयडलवर राहू द्या. शंभरेक किलोमीटर झाले की इंटेकचा पाइप काढून तोच बोटाचा प्ले पुन्हा तपासा. दुकानात होता तेवढाच असेल, तर बूस्ट वाढवायचं बोलता येईल.